आधी नाव, मग शिडी

१

त्या उन्हाळ्यात सलग नऊ रात्री मला धड झोप लागली नाही, आणि काळजी अशी की कुणाला सांगायची सोय नव्हती. माझ्या नवऱ्याला नीट ऐकू यायला लागलं होतं.

मिर्लानचा उजवा कान सातव्या वर्षी गालगुंडांत गेला. पुरता गेला. हे मी बायको म्हणून नाही, त्या कामातली बाई म्हणून सांगते. बिश्केकच्या एका दवाखान्यात मी मुलांचे कान तपासते. आमची ओळखही तिथलीच. गाडीच्या परवान्यासाठी त्याला कानाचा दाखला हवा होता, आणि मी उजव्या बाजूला आवाज सोडला की तो हळूच मान वळवून डावा कान पुढे करत होता. डोक्यावर हेडफोन चढवलेला माणूस मान वळवून काय साधणार? पण त्या भाबड्या लबाडीवर मी भाळले, असं म्हणायला हरकत नाही.

गालगुंडांत गेलेला कान परत येत नाही. नसच मेलेली असते. महिन्यातून एकदा तरी मी हे कुठल्यातरी आईला समजावून सांगते.

आमच्या घराची सगळी घडी त्या कानावर बसलेली. मिर्लान डाव्या कुशीवर झोपायचा, चांगला कान उशीत. मग वर छप्पर कोसळलं तरी त्याला पत्ता नाही. आमची सेझिम तान्ही होती तेव्हा यावरून मी त्याच्याशी किती भांडले असेन. सेझिम आता साडेचार वर्षांची आहे, आणि तिने त्या कानाचा चांगला उपयोग शोधून काढला होता. आपली गुपितं ती बाबाच्या उजव्या कानात सांगायची. तिथून ती कुठेच जात नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर सुट्टीतली तिसरी रात्र. सरोवराकाठी बोस्तेरीला भाड्याने घेतलेली खोली. मिर्लान नेहमीसारखा डाव्या कुशीवर. मी छताकडे बघत, ओठसुद्धा न हलवता म्हणावं तसं पुटपुटले, की गॅस बंद केला होता ना मी.

“केलास,” तो म्हणाला. वळला नाही, हलला नाही.

मग मी पहाटेपर्यंत त्या कानाकडे बघत पडून राहिले.

२

त्याच दिवशी दुपारी तो पाण्याखाली जाऊन आला होता.

मिर्लान शाळेत इतिहास शिकवतो. इस्सिक-कुल सरोवराच्या तळाशी जुन्या वस्तीच्या भिंती आहेत म्हणतात, त्या एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या हा त्याचा लग्नाआधीपासूनचा हट्ट. त्या वर्षी त्याने एका स्कूबावाल्यांची जाहिरात शोधली. निळंशार पाणी, तळाशी ओळीने मांडलेले रांजण, ‘लहान गट, स्वतःची बोट, नौदलातले मार्गदर्शक, वर आल्यावर गरम सूप’. माझ्या सासूबाई, म्हणजे एने, आमच्याबरोबर होत्या. त्यांनी फोनवरचं ते चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, “पडक्या भिंती बघायला पाण्यात कशाला शिरायचं? आपल्या गावात वरतीच पुष्कळ आहेत.”

जाऊन बघतो तर बोटीचं इंजिन धक्क्यावर उघडून पसरलेलं. लहान गट म्हणजे अकरा माणसं. पोशाखांना कुणाच्या तरी सिगारेटचा वास, मिर्लानच्या कोपरापाशी हे एवढं भोक. नौदलातले ते गेन्नादी पेत्रोविच इंजिनाचा कुठलासा भाग आणायला काराकोलला गेलेले. त्यांच्या जागी एक न बोलणारा माणूस पाण्यात, आणि वर धक्क्यावर तान्या नावाची पन्नाशीची बाई, सूर्यफुलाच्या बिया सोलत. तीन तास थांबवलं. सुपाचं विचारलं तर म्हणाली, सूप गेन्नादी पेत्रोविचच करतात.

आधी वर आलेले लोक चिडलेले होते. अकरा मिनिटं खाली, आणि गाळ इतका की स्वतःचे हात दिसले तर दिसले. एकजण म्हणत होता, माझ्या घरच्या टबात यापेक्षा जास्त इतिहास आहे.

मिर्लान शेवटच्या दोघांत गेला, मार्गदर्शक बरोबर.

धक्क्याच्या टोकाला एक लोखंडी शिडी होती, वर ओढून साखळीने अडकवलेली, आणि तिच्या डोक्यावर हाताने रंगवलेली पाटी. ‘आधी नाव, मग शिडी.’ त्यांची पद्धत अशी, की माणूस पाण्यावर आला की त्याच्या घरच्याने वरून त्याला नावाने हाक मारायची, त्याने तोंडातली नळी काढून आपलं नाव सांगायचं, आणि मगच शिडी खाली सोडायची. तान्याने कारणही सांगितलं होतं. पाणी खाली बर्फासारखं, त्यात ही डोंगरांतली उंची, माणसाचं डोकं सैल पडतं. ज्याला आपलं नाव सांगता येत नाही त्याला सरळ प्राणवायूवर ठेवायचं. मला ते पटलं. उलट त्या सगळ्या भोंगळ कारभारात एवढी एकच गोष्ट कुणीतरी विचार करून ठेवल्यासारखी वाटली.

तीन डोकी वर आली. काळ्या टोप्या, धुरकटलेल्या काचा, तिन्ही एकसारखी.

“हं, मार हाक,” तान्या मला म्हणाली. “नावाने.”

मी एनेंकडे बघितलं. त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, सेझिम त्यांच्या मांडीवर. गळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज पाच पावलांपलीकडे जात नाही; हाक मारणं त्यांना शक्य नव्हतं. नजर मात्र दूरवर पोचते. घरी दार लावून घेतल्यावर मी मिर्लानला मिर्लान म्हणते, अरे-तुरे करते, गाढवसुद्धा म्हणते. एनेंच्या समोर तो ‘सेझिमचे बाबा’. आमच्याकडे सून सासरच्यांची नावं उच्चारत नाही. आता बिश्केकात कोण पाळतं म्हणा, पण एनेंनी आपल्या नवऱ्याचं नाव त्याला मातीत ठेवतानाही घेतलं नाही, आणि ते त्या अभिमानाने सांगतात.

“माझ्यादेखत?” एने हलकेच म्हणाल्या. एवढंच.

मी शिकलेली बाई. कान तपासायला शाळांत गेले की तीस मुलांच्या वर्गापुढे बोलते, डॉक्टरांच्या चुका काढते. मी ओरडले, “सेझिमचे बाबा!”

तिघांतल्या सगळ्यात जवळच्याने हात वर केला.

“हाच का?” तान्याने विचारलं. मी हो म्हटलं. “नाव सांगितलं?” तिने परत विचारलं, आणि मी म्हटलं, हात केला ना. तिने बियांची टरफलं झटकली आणि साखळी सोडली.

दुसऱ्याला त्याच्या भावाने हाक मारून वर घेतलं. तिसरा जरा लांबच राहिला. तोंड आमच्या बाजूला होतं. तो आमचा मार्गदर्शक असणार, असं मी तेव्हा धरून चालले. मी मिर्लानच्या खांद्यावर टॉवेल टाकून मान वर केली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं, आणि मार्गदर्शक माझ्या मागे, धक्क्यावर, सिलिंडर उतरवत उभा होता.

मी मिर्लानला विचारलं, काय दिसलं खाली.

“भिंत होती,” तो म्हणाला.

“सांगितलं होतं मी,” एने म्हणाल्या.

३

पुढचे चार दिवस मी सुट्टी कमी आणि नवराच जास्त बघितला. दोष काढायला बसलेल्या बाईला काही ना काही सापडतंच, हे मला कळतं. पण मला जे सापडत होतं त्याला दोष म्हणता येईना. तो चहा घेत होता, जर्दाळू खात होता, उन्हात बसत होता. ताटं उचलून आत नेत होता. मी बोलले की ऐकत होता, अगदी शेवटपर्यंत, मध्ये न तोडता. एने दोनदा म्हणाल्या की पाण्याने पोराला शहाणं केलं. कुठल्या तोंडाने सांगू मी, की माझा नवरा ताटं उचलतो आणि मला भीती वाटते?

आणखी एक होतं. त्याने कुणालाच नावाने हाक मारली नव्हती. मला ‘पेरिझात’ म्हटलं की त्यातला ‘झा’ तो उगाच लांबवायचा, चिडवायला. चार दिवसांत एकदाही नाही. मग वाटायचं, मी तरी कुठे त्याचं नाव घेतलंय. एने सोबत होत्या ना.

चौथ्या दिवशी दुपारी अंगणात बाजल्यावर तो आडवा झाला होता. सेझिम गेली, दोन्ही हातांचा आडोसा करून त्याच्या उजव्या कानात गुपित सांगायला लागली. मी समोर शेंगा मोडत होते. तिच्या गुपितात मध्येच काहीतरी गमतीचं आलं असावं, कारण तो हसला. नेमक्या जागी हसला.

सेझिम थांबली. मागे सरली. कानाकडे बघत राहिली, आणि मग हाताच्या पाठीने तिने आपलं तोंड पुसलं. माझ्याकडे येऊन मांडीला टेकून बसली. मी विचारलं, झालं का सांगून.

“मी तिथे नाही सांगणार आता,” ती म्हणाली. “तिथे कुणीतरी राहायला आलंय.”

४

बिश्केकला परतल्यावर मी त्याला दवाखान्यात बोलावलं. म्हटलं, पाण्याचा दाब कानाला बसलाय का बघू. तो लगेच आला. हेही नवीन. आधी त्याला कान दाखवायला ओढून न्यावं लागायचं.

आमची तपासणीची खोली म्हणजे एका खोलीतली दुसरी खोली. दोन जाड दारं, भिंतींना राखाडी कापूस, माणूस आत बसला की त्याला आपलंच रक्त ऐकू येतं. मधे एक लहानशी काच. त्या खोलीची शांतता मला ओळखीची आहे. अकरा वर्षं मी तिच्या बाहेर बसून आत आवाज सोडते आहे.

डावा कान ठीक. उजव्यात आवाज सोडला; ऐकू आलं की आतल्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. दिवा लागला. कमी केला. लागला. आणखी कमी केला, डाव्या कानात फसवा आवाज भरला, म्हणजे तिकडून चोरून ऐकायला नको. लागला. शेवटी मी काटा तिथे आणला जिथे तान्ह्या बाळांचे कान असतात. दिवा लागला.

हे होऊ शकत नाही. पण कागदावर होतं, आणि कागद मीच काढला होता.

मग शब्दांची तपासणी. यात आपण पुठ्ठ्याने तोंड झाकून शब्द वाचतो, आतल्याने ते परत म्हणायचे. मी अगदी खालच्या आवाजात सुरुवात केली. घोडा. “घोडा,” तो आतून म्हणाला. दार. “दार.” चमचा. “चमचा.” वाचता वाचता मी मध्येच म्हटलं, मिर्लान.

तो काहीच बोलला नाही. न कळल्यासारखा चेहरा नव्हता. पुढच्या शब्दाची वाट बघत होता, जसं मधे काही बोललंच गेलं नाही.

मी आवाज वाढवला. मिर्लान. आणखी वाढवला. शेवटी इतका, की हेडफोनमधून तो माझ्या बाजूलाही ऐकू आला असता. काचेपलीकडे तो हात मांडीवर ठेवून शांत बसलेला.

मी काटा पुन्हा तळाला नेला आणि म्हटलं, सेझिमचे बाबा.

“हो,” तो म्हणाला, आणि हसून काचेकडे बघितलं.

मी पुठ्ठा खाली ठेवला. माझी बाजू बंद केली, बटण दोनदा तपासलं. यादी संपली होती. आता उठावं, दार उघडावं, चहा सांगावा. पण माझ्याकडच्या लहान स्पीकरमधून त्याचा आवाज येतच राहिला. सावकाश, एकेक शब्द, तसाच परत म्हटल्यासारखा.

“पायरी,” तो म्हणाला. थांबला. “चूल.” थांबला. “भिंत.” मान जराशी उजवीकडे झुकलेली, जशी माझा मंद शब्द टिपताना मुलांची झुकते. “उंबरा.” मग बराच वेळ काही नाही. स्पीकरमध्ये खोलीची शांतता होती, पण ती माझ्या ओळखीची खोली नव्हती. त्या शांततेला कडा नव्हत्या.

“पेरिझात,” तो म्हणाला.

‘झा’ लांबवून. आणि तरीही असा, की हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकलाय आणि त्याचा अर्थ त्याला माहीत नाही.

५

आता सरळ सांगायचं तर प्रश्न एकच उरला होता. माझा नवरा घरी आलाय की नाही. आणि नसेल आला, तर तो त्या पाण्याखालून मला हाका मारतोय आणि मी दवाखान्यात कागद चाळत बसलेय.

शहाणी बाई त्याच संध्याकाळी निघाली असती. मी शहाणी नाही, शिकलेली आहे. मी कारणं शोधली. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लहानपणचा रोग कुणी नीट पाहिला नसेल, नस शाबूत असेल, पाण्याच्या दाबाने काहीतरी मोकळं झालं असेल. इतकी वर्षं मीच चुकीचं मोजलं असेल, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी स्वतःला सांगितलं. नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं यात विशेष काय? मग एक सप्टेंबर आला, शाळा उघडल्या. सेझिमला खोकला झाला. एनेंची गळ्याची तपासणी होती. स्कूबावाल्यांना फोन केला तर तान्या म्हणाली, तक्रार असेल तर लेखी द्या, हंगाम संपलाय.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. घरात तो भांडी घासता घासता, बुटांच्या नाड्या बांधता बांधता पुटपुटायचा. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. पहिल्या आठवड्यात माझं नाव दिवसातून पाच-सहा वेळा यायचं. दुसऱ्यात एखादवेळा. तिसऱ्या आठवड्यात एकदा तो म्हणाला, “पेरि...” आणि थांबला. मान उजवीकडे झुकवून वाट बघत राहिला. नळाचं पाणी वाहत होतं. पुढचा भाग आलाच नाही. मग तो म्हणाला, “चूल,” आणि पुढचं ताट घेतलं.

त्यानंतर फक्त पायरी, चूल, भिंत.

शनिवारी सकाळी मी म्हटलं, मला सरोवरावर जायचंय, तक्रार द्यायला. एने म्हणाल्या की तक्रारीसाठी चार तासांचा प्रवास करणारी सून त्यांनी बघितली नव्हती, पण वाटेत बालिक्चीला धुरी दिलेला मासा घेणार असाल तर मी येते. त्याने गाडीची किल्ली उचलली. तो कशालाच नाही म्हणत नव्हता.

६

धक्का रिकामा होता. हंगाम संपला की बोस्तेरी अशीच होते, खुर्च्या उलट्या, टपऱ्यांना फळ्या. गेन्नादी पेत्रोविच रबरी नळ्या गुंडाळत होते. साठीचा रुंद माणूस, पिकलेल्या मिशा. मी पाठ केलेली तक्रार म्हणून टाकली. बोट नव्हती, सूप नव्हतं, तुम्ही नव्हतात. त्यांनी सगळं मान्य केलं, माफी मागितली, पुढच्या वर्षी फुकट घेऊन जाईन म्हणाले. मग मी सांगितलं की मी नाव घेतलं नव्हतं.

त्यांचे हात थांबले.

“तान्याने शिडी सोडली?”

“त्यांनी हात केला होता,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. चाळीसेक पावलांवर, किनाऱ्याला आमची गाडी उभी होती. एने बॉनेटवर कागद पसरून माशाचे काटे काढत होत्या आणि तो त्यांच्या शेजारी उभा राहून खात होता.

“तो नियम थंडीसाठी आहे,” गेन्नादी पेत्रोविच म्हणाले. “थंडीत माणूस बावचळतो.”

“तसंच सांगितलं होतं तान्याने.”

“जेवतो नीट?”

“हो.”

“मुलीशी मायेने वागतो?”

मी हो म्हटलं. खरंच होतं ते.

“त्यानंतर नाव घेतलंत त्याचं? मोठ्याने, पाण्याजवळ?”

“नाही.”

“मग आता घेऊ नका, पोरी. घरी जा.” ते पुन्हा नळी गुंडाळायला लागले. “महिना झाला. महिना फार असतो.”

मी विचारलं, कशासाठी फार. त्यांनी नळीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि टपरीकडे निघून गेले. चिडले नव्हते. लाजल्यासारखे वाटले.

मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. सेझिम माझं बोट धरून. पाणी त्या दिवशी अगदी स्वच्छ होतं. ऑगस्टमध्ये अकरा माणसांना जे दाखवायला हवं होतं ते सगळं आता कुणीही न मागता दिसत होतं. दगड, दगडांच्या पलीकडे हिरवी उतरंड, आणि उतरंड जिथे काळी होते तिथे एक सरळ रेघ. निसर्गात अशी सरळ रेघ नसते. भिंत असेल. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं की तिच्या अलीकडे काहीतरी टेकून उभं आहे. लाकडाचा ओंडका असेल. मी डोळे मिटून उघडले. ओंडकाच असणार. ओंडके पण कधीकधी उभे राहतात.

आधी मागे वळून पाहिलं. एने माझ्याकडेच बघत होत्या.

“मिर्लान!” मी हाक मारली.

आवाज पाण्यावरून लांब गेला. एनेंच्या हातातला मासा कागदावर पडला. त्यांचे ओठ हलले, काय म्हणाल्या ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला वाटलं मला रागावतील, पण त्या माझ्याकडे नाही, आपल्या शेजाऱ्याकडे बघायला लागल्या. सगळ्या किनाऱ्यावर एकच माणूस होता ज्याने मान वळवली नव्हती. तो पाव तोडत होता.

“मिर्लान!”

लांब एक कोळी होडीत उठून उभा राहिला. गेन्नादी पेत्रोविचनी टपरीचं दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला. एने एक पाऊल मागे सरल्या, मग आणखी एक, आपल्याच मुलापासून.

तिसरी हाक मारताना माझा आवाज फाटला. भांडताना मारते तशी मारली, दार लावून घेतल्यावर मारते तशी. मग थांबले. लाटा नव्हत्या. खाली ती रेघ तशीच होती. ओंडका मला आता सापडत नव्हता, आणि मला जे वाटलं ते सांगायला हवं. मला हायसं वाटलं. काही नाही. काहीच नव्हतं. मी एक वेडी, घाबरट बाई, सासूसमोर नवऱ्याचं नाव ओरडून बसलेली. घरी जाऊ, उद्या सगळे हसतील.

सेझिमने माझं बोट सोडलं होतं. ती फळ्यांवर पालथी पडली होती, गाल लाकडाला, कान दोन फळ्यांच्या फटीला लावून. उजवा हात तिने वर केला होता, मला गप्प राहा म्हणायला.

दिवसातून चाळीस वेळा जो प्रश्न मी परक्यांच्या मुलांना विचारते, तोच मी तिला विचारला. काही ऐकू आलं का?

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

“बाबा विचारतायत, कोण हाक मारतंय,” ती म्हणाली. “सांगू का त्यांना तुझं नाव?”